पितळखोऱ्याच्या खांबावर पंख फुटलेले प्राणी... हे कुठून आलं भो?

केळीबाग_रावेर

राम राम मंडळी. साधा प्रश्न आहे, म्हणजे मला साधा वाटला होता पण चार दिवस झाले डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे टाकतोय.

गेल्या रविवारी चाळीसगावला साडूकडे होतो. शेवभाजी खाऊन सगळे आडवे झाले, माझी पोरगी सहावीत आहे ती काय झोपू देईना, म्हणून तिला घेऊन कन्नड घाट चढून पितळखोऱ्याची जुनी बौद्ध लेणी बघायला गेलो. उतरायला बऱ्याच पायऱ्या आहेत, गुडघे असतील तरच जा. खाली चौथ्या लेण्याला दगडी हत्तींची रांग आहे, दारावर भालेवाले दोन रखवालदार आहेत, ते भारीच. पण पोरगी अडकली खांबांवरच्या प्राण्यांपाशी. पाठीला पाठ लावून बसलेले प्राणी आणि काहींना चक्क पंख. मला म्हणे पप्पा हे कोण? मी म्हटलं व्याल असतील. व्याल म्हणजे काय? आता काय सांगू, म्हटलं म्हणजे दोनतीन प्राणी मिळून एक. ती म्हणे, "मग पोकेमॉनच ना."

घरी येऊन तिने मोबाईलवर शोधाशोध केली आणि इराकमधले पंखवाले बैल, इजिप्तचा सिंह, ग्रीकांचा घोडामाणूस, चीनचा ड्रॅगन असे फोटो माझ्यासमोर धरले आणि विचारलं की या सगळ्यांनी एकमेकांचं बघून काढलंय का, की प्रत्येकाला आपापलं सुचलं? माझी बोलतीच बंद. आपल्याकडे पण गणपती आहे, नरसिंह आहे, गावातल्या महादेवाच्या उंबरठ्यावर ते डोळे वटारलेलं तोंड आहे ज्याच्यावर पाय दिला की म्हातारे ओरडायचे. रोज बघतो आणि कधी विचार केला नाही राव.

कोणाला माहिती असेल तर सांगा. पोरीला उत्तर द्यायचंय, जमलं तर परीक्षेच्या आधी.

गिरणाकाठची

दादा तुमच्या मुलीला माझ्याकडून एक आइस्क्रीम. मी मूळची चाळीसगाव तालुक्यातलीच, आता पुण्यात असते, पुरातत्त्व शिकलेय त्यामुळे लांब लिहिते आहे, सहन करा.

पहिलं म्हणजे, ही सवय शेतीच्या आणि देवळांच्या कितीतरी आधीची आहे. जर्मनीत होलेनश्टाइन-श्टाडेल नावाची गुहा आहे, तिथे १९३९ साली मॅमथच्या हस्तिदंताचे तुकडे सापडले, ते जोडल्यावर त्यातून सिंहाच्या तोंडाचा उभा माणूस तयार झाला. साधारण ३१ सेंटिमीटर, म्हणजे शाळेच्या पट्टीएवढा, वय जवळपास ४०,००० वर्षं. महायुद्ध लागायच्या आठवडाभर आधी सापडला म्हणून तुकडे खोक्यात पडून राहिले आणि जोडायला कोणाला तीस वर्षं सवडच झाली नाही. नंतर एकाने गारगोटीच्या हत्यारांनी तसाच करून बघितला तर ४०० तासांच्या वर लागले. विचार करा, थंडीत कुडकुडणारी टोळी, खायची मारामार आणि त्यातला एक जण इतके दिवस बसून जगात नसलेला प्राणी कोरतोय आणि बाकीचे त्याला खाऊ घालतायत. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर एका गुहेत शिकारीचं चित्र आहे, २०१९ मध्ये त्याचं वय किमान ४३,९०० वर्षं सांगितलं गेलं, त्यातले शिकारी पण माणसासारखे दिसतात आणि कोणाला शेपूट, कोणाला चोच. जर्मनी आणि सुलावेसीच्या लोकांनी एकमेकांचं काय बघितलं असणार, तेव्हा "आपापलं सुचलं" हे उत्तर निदान सुरुवातीपुरतं बरोबर आहे.

आता पितळखोरा. तिथे मात्र गोष्ट वेगळी. पाठीला पाठ लावून बसलेले प्राणी खांबाच्या डोक्यावर ठेवायची पद्धत इराणी, पर्सेपोलिसच्या राजवाड्यात बैलांच्या आणि गरुडतोंडी सिंहांच्या अशाच जोड्या आहेत. तिथून ती मौर्यांच्या काळात आपल्याकडे आली, सारनाथचे चार सिंह पाठीला पाठ लावूनच बसलेत ना, रोज खिशातल्या नोटेवर बघतो आपण. आणि पितळखोरा, भाजे, नाशिक इथे पुढच्या काही शतकांत ती सह्याद्रीच्या दगडात उतरली. इराण्यांनी पंख कुठून घेतले, तर असिरिया आणि बॅबिलोनकडून. म्हणजे तुमच्या पोरीने मोबाईलवर दाखवलेला इराकचा बैल आणि कन्नड घाटावरचा तो प्राणी हे लांबचे चुलतभाऊ आहेत, ती बरोबर बोलली.

आणि हे कसं आलं तर व्यापाराने. पितळखोऱ्याच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत, त्यात पैठणचा मितदेव आहे, अत्तरं-सुगंधी विकणाऱ्या घराण्यातला, आणि मगिल नावाचा राजवैद्य आहे. तिथे सापडलेल्या एका बुटक्या यक्षाच्या हातावर लिहिलंय की तो कान्हदास सोनाराने केला. सोनाराने दगडाचा यक्ष! तो यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. म्हणजे दागिन्यावरची नक्षी करणारा हातच दगडावर चालत होता, आणि दागिने, कापड, हस्तिदंताच्या पेट्या या वस्तू बैलाच्या पाठीवर बसून कुठून कुठे जायच्या, त्यांच्यावरचे प्राणी फुकटात प्रवास करायचे.

खरं_बोलू_का

म्हणजे झालं, पुन्हा सगळं बाहेरून आलं. आपल्याकडे काही होतंच नाही का ताई? सिंधू संस्कृतीच्या मुद्रा बघा जरा. तिथे एकशिंगी आहे, माणसाचं तोंड हत्तीची सोंड वाघाचं मागचं अंग असला प्राणी आहे, आणि हे सगळं पर्सेपोलिसच्या दोन हजार वर्षं आधीचं. आधी आपलं बघायचं मग दुसऱ्याचं.

गिरणाकाठची

भाऊ मी कुठे नाही म्हटलं, तुम्ही उलट माझंच काम सोपं केलंत. मोहेंजोदडोच्या त्या मुद्रेवर माणसाचा चेहरा, हत्तीची सोंड, वशिंडवाल्या बैलाची शिंगं, वाघाचा मागचा भाग आणि शेपटीच्या जागी फणा काढलेला नाग असं सगळं एकाच अंगात आहे, आणि एकशिंगी तर निम्म्याहून जास्त मुद्रांवर. पण गंमत बघा, त्या प्राण्यांना पंख नाहीत. इराकमध्ये त्याच काळात पंखच पंख. दोघांचा व्यापार चालू होता, सिंधूच्या मुद्रा मेसोपोटेमियात सापडल्यात, एकमेकांचा माल माहीत होता, तरी आपल्या माणसाला त्या प्राण्याला उडवायची गरज वाटली नाही. पंख आपल्या प्राण्यांना नंतर फुटले आणि मला वाटतं ते बाहेरूनच आले. सोंड आपली, पंख त्यांचे, एवढी वाटणी मान्य करा आणि भांडण मिटवा.

खरं_बोलू_का

सोंड आपली हे चालेल 😄

निवृत्त_चित्रकला_शिक्षक

नमस्कार. धुळ्यात एका शाळेत एकतीस वर्षं खडू आणि ब्रश घासला, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला किती पोरं बसवली त्याचा हिशोब नाही. ताईंनी इतिहास छान सांगितला पण मला सवयीने हात कुठे अडला ते दिसतं, म्हणून जरा ते लिहितो.

दोन प्राणी कागदावर जोडणं वाटतं तितकं सोपं नाही. पोरांना संकल्पचित्रात सांगा, माणूस आणि घोडा एकत्र करा, दहातली नऊ पोरं घोड्याचं डोकं माणसाला लावतील कारण मान कापून मान लावायची, काम संपलं. ग्रीकांचा घोडामाणूस मात्र कंबरेला जोडलाय आणि तो त्यांनाही एका झटक्यात जमलेला नाही. जुन्या मडक्यांवर बघा, पुढून पूर्ण माणूस काढलाय, दोन पाय सुद्धा माणसाचेच, आणि पाठीमागून घोड्याचं मागचं धड डकवून दिलंय, जणू माणसाने ट्रॉली जोडलीय. पुढच्या काळात ते माणसाचे पाय हळूहळू जातात, पुढचे पायही घोड्याचे होतात आणि अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराच्या भिंतीवर, म्हणजे इ.स.पू. ४४० च्या आसपास, तो असा एकजीव दिसतो की दोन प्राणी आहेत हेच विसरायला होतं. पोट दोन आहेत, छात्या दोन आहेत, काळजं किती विचारू नका, पण डोळा फसतो.

आता इराकचा पंखवाला बैल, लमासू. खोर्साबादला दुसऱ्या सरगॉन राजाच्या राजवाड्याच्या दारावर होते, इ.स.पू. आठव्या शतकाच्या शेवटी. त्याला पाय पाच! पोरं म्हणतात सर चुकलं. चुकलेलं नाही. तो दाराच्या कोपऱ्यावर उभा, समोरून येणाऱ्याला दोन पाय टेकून थांबलेला दिसला पाहिजे आणि दारातून आत शिरताना बाजूने चार पाय टाकत चाललेला दिसला पाहिजे, मग कोपऱ्यावरचा एक पाय दोन्हीकडून कामाला आला तरी हिशोबात पाच होतात. एकाच दगडात थांबायचं पण आणि चालायचं पण. पुढच्याच राजाच्या, सेनाखेरिबच्या, कारागिरांनी पाचवा पाय काढून टाकला. मला विचाराल तर हुशारी वाढली आणि मजा गेली.

२०२३ मध्ये खोर्साबादला त्यातलाच एक पुन्हा मातीतून काढला, वजन सुमारे १८ टन, धड शाबूत आणि मुंडकं नाही, कारण ते चोरांनी नव्वदच्या दशकात तुकडे करून पळवलं होतं, ते पकडलं गेलं आणि बगदादच्या संग्रहालयात आहे. माणसाचं डोकं बैलाच्या धडाला लावायला कोणाची तरी हयात गेली असेल, वेगळं करायला करवत पुरली.

आणि ते सगळे दारावर का, याचा विचार पोरीला करायला सांगा. लमासू दारावर, पितळखोऱ्याचे हत्ती-रखवालदार दारावर, तुमच्या गावचं ते डोळे वटारलेलं तोंड, म्हणजे कीर्तिमुख, उंबरठ्यावर, इजिप्तचा सिंहमाणूस पिरॅमिडच्या रस्त्यावर, तमिळनाडूतला पुरुषमृग, म्हणजे माणसाच्या तोंडाचं जनावर, देवळाच्या गोपुरापाशी. आत ना बाहेर अशा जागेवर, ना माणूस ना जनावर असा राखणदार बसवलाय. नरसिंहाची गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे, उंबरठ्यावरच बसला तो, संध्याकाळी.

मूर्तीवाला_भुसावळ

सर पाया पडतो, तुम्ही जे हात अडतो म्हणाला ना ते आमच्या धंद्यात रोजचं आहे. आमचा तिसऱ्या पिढीचा गणपतीचा कारखाना, आजोबा शाडूचे करायचे.

आमच्यात सगळा खेळ सांध्याचा आहे. आजोबा म्हणायचे गणपती करताना सोंडेकडे सगळे बघतात, तू गळ्याकडे बघ. हत्तीला मान नसल्यातच जमा आणि माणसाला मान असते, मग हत्तीचं डोकं माणसाच्या मानेवर ठेवलं तर ते काठीवर मडकं ठेवल्यासारखं दिसतं. म्हणून डोकं खाली दाबून थेट खांद्यात बसवायचं, कान पुढे आणून खांद्यावर टाकायचे, आणि उरलेली रेघ कंठीहाराने झाकायची. लोकांना वाटतं देवाला दागिना हौसेने घातलाय. हौस आहेच, पण खाली सांधा आहे. मत्स्यावतार करायचा तर कंबरेला शेला गुंडाळायचा, नरसिंहाला आयाळ सोडायची खांद्यावर, गरुडाला पंख लावायचे तर खांद्यावरून उपरणं. केस नाहीतर दागिना नाहीतर कपडा, चौथी वस्तू मला तरी अजून सापडली नाही.

तुमचं वाचून मी इराकच्या बैलाचे फोटो काढून बघितले रात्री. दाढी बघा त्याची! छातीपर्यंत चौकोनी कुरळी दाढी, बरोब्बर जिथे माणूस संपतो आणि बैल सुरू होतो तिथे. इजिप्तवाल्याच्या डोक्यावर ते कापड दोन्ही बाजूंनी खांद्यावर पडलंय, तिथे पण तेच. मी एकटाच बसून हसत होतो, बायको म्हणे काय झालं, म्हटलं अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीचा कोणीतरी आपल्याच लाइनीतला माणूस भेटला, त्याला पण सांधा झाकायचा होता.

यंदा एका मंडळाने हॉलिवूड स्टाइलमध्ये गरुडावर बसलेला गणपती सांगितलाय, गरुडाला माणसाचं अंग नको म्हणतात, खरा पक्षी पाहिजे. तो पक्षी गणपतीचं वजन कसं घेणार, त्याच्या पायात लोखंड किती घालू, त्याचा विचार करून झोप उडालीय ते वेगळंच.

गिरणाकाठची

मूर्तीवाले दादा, तुमच्या गरुडाचं भांडण खूप जुनं आहे. सांचीला गरुड जवळजवळ नुसता पक्षी आहे, कानात कुंडलं घातलेला मोठा पोपट म्हणा ना. मग शतकं गेली तसा तो माणूस होत गेला आणि आपल्या देवळांत येईपर्यंत हात जोडून गुडघा टेकलेला माणूसच झाला, पक्ष्याचं फक्त बाकदार नाक आणि मागे पंख राहिले. जळगावच्या रथोत्सवाआधीची वहनं बघितली असतील तर त्यात गरुडाचंही वहन निघतं, त्याच्याकडे यंदा नीट बघा. तिकडे इंडोनेशियाने त्याला उलटं परत पूर्ण पक्षी केला आणि देशाचं चिन्ह बनवलं. म्हणजे तुमच्या मंडळाची पोरं जकार्ताच्या बाजूने आहेत.

ग्रीकांच्या सायरनचं, म्हणजे गाण्याने खलाशांना भुलवणाऱ्या बाईचं, तर आणखीच, तिचं मूळ अंग पक्ष्याचं होतं, मध्ययुगात युरोपात तिला माशाची शेपटी आली आणि आता लोकांना ती जलपरीच वाटते.

आणि किन्नर राहिलेच! अजिंठ्याला एक नंबरच्या लेण्यात पद्मपाणी बघायला सगळे गर्दी करतात, त्याच्या आजूबाजूच्या डोंगरकपारीत बघा, वर माणूस खाली पक्षी असे वाद्यं वाजवणारे किन्नर आहेत. दुसऱ्या परंपरेत किन्नर म्हणजे घोड्याच्या तोंडाचा माणूस. आपल्याच देशात एकाच नावाचे दोन वेगळे प्राणी, कारण शब्दच असा आहे, किं नर, म्हणजे "हा कसला माणूस?" नाव ठेवणाऱ्याने पण तुमच्या मुलीसारखाच प्रश्न विचारून सोडून दिलाय.

बऱ्हाणपूर_रोड

वाचतोय सगळं, मस्त चाललंय. एक आमच्याकडचं. मोहरमच्या दिवसांत लहानपणी बुराक, म्हणजे पैगंबरांना स्वर्गाच्या प्रवासाला नेणारं जनावर, बघितलेला, बाईचं तोंड, घोड्यासारखं अंग, पंख, मोराचा पिसारा, चमकीचा कागद लावलेला. मोठा झाल्यावर कळलं की मूळ वर्णनात बुराक म्हणजे गाढवापेक्षा मोठं आणि खेचरापेक्षा लहान असं पांढरं जनावर, एवढंच. तोंडबिंड चित्रकारांनी दिलं. १४३६ च्या सुमारास अफगाणिस्तानातल्या हेरातला रंगवलेली मिराजनाम्याची, म्हणजे त्या प्रवासाच्या पोथीची, प्रत पॅरिसमध्ये आहे, त्यात बुराकला मुकुट घातलेल्या बाईचं तोंड आहे. इराणातून ते मुघलांकडे आलं, मोराचं शेपूट बहुधा इथल्या मातीत चिकटलं. आता दुकानातल्या कॅलेंडरवरची कामधेनू आठवा, बाईचं तोंड, गायीचं अंग, पंख, मोरपिसारा. माझा दोस्त मूर्तीच्या दुकानात होता त्याने एकदा दोन्ही शेजारी ठेवून दाखवले, बहिणीच. छापखान्याच्या चित्रकाराला कोणाचं काय याच्याशी देणंघेणं नव्हतं, त्याला जे सुंदर दिसलं ते त्याने घेतलं.

खरं_बोलू_का

कामधेनू पुराणातली आहे भाऊ, बुराकवरून कशी येईल?

बऱ्हाणपूर_रोड

गाय पुराणातलीच, मी चित्राबद्दल बोलतोय. जुन्या शिल्पांत कामधेनू बहुतेक साधी गाय म्हणूनच दाखवतात, वासरासकट. तोंड आणि पिसारा नंतरचा. गोष्ट एकाची आणि कपडे दुसऱ्याचे असं होतंच की, आपल्या लग्नातली शेरवानी बघा.

जामनेर_एक्सप्रेस

एवढं डोकं लावायची गरज नाही, मी यूट्यूबवर बघितलंय, हे सगळे प्राणी डायनासोरच्या हाडांवरून आलेत. गोबीच्या वाळवंटात चोचवाल्या डायनासोरचे सांगाडे पडलेले, ते बघून लोकांनी ग्रिफिन बनवला. विषय संपला.

निवृत्त_चित्रकला_शिक्षक

विषय एवढ्यात नाही संपत बाळा 🙂 कल्पना गोड आहे, मी पण वर्गात सांगायचो. पण ग्रिफिन, म्हणजे गरुडाचं तोंड आणि सिंहाचं अंग, हा इराणातल्या सूसाच्या शिक्क्यांवर इ.स.पू. चौथ्या सहस्रकात दिसतो. गोबीच्या बाजूच्या गोष्टी ग्रीकांच्या कानावर पडल्या त्याच्या कितीतरी आधी. आणि चोचवाल्या डायनासोरला पंख कुठे होते? गरुड आणि सिंह दोन्ही ज्यांच्या डोळ्यासमोर होते त्यांना हाडं उकरायची काय गरज. उलट जिथे प्राणी डोळ्यासमोर नसतो तिथे जास्त मजा होते, चीनमध्ये सिंह राहत नव्हता, भेट म्हणून आलेले थोडेफार आणि ऐकीव वर्णन यावर त्यांनी दारावरचा सिंह घडवला, तो कुरळ्या केसांचा आणि कुत्र्यासारख्या चेहऱ्याचा झाला, आणि आता तोच त्यांचा खरा सिंह.

तापीपूर्णा

मी मुक्ताईनगरची. सगळ्यांनी मोठमोठं सांगितलं, मी घरातलं सांगते. भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि राशीभविष्याचं पान बघा. मकर राशीच्या चित्रात कोणी मगर काढतो, कोणी हरणाचं तोंड आणि माशाचं शेपूट, तर कोणी बकऱ्याचं तोंड आणि माशाचं शेपूट. एकच रास आणि एवढे प्रकार, मला लहानपणापासून प्रश्न होता की संक्रांतीचा हा प्राणी नक्की कोण. शोधलं तर बकरा-मासा हा बॅबिलोनचा निघाला, त्यांच्या एआ नावाच्या पाण्याच्या देवाचा प्राणी, चार हजार वर्षांचा म्हातारा. तिथून तो ग्रीकांच्या राशिचक्रात गेला आणि इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत ज्योतिषाबरोबर इकडे आला. पण इथे येऊन बघतो तर त्याच्या खुर्चीवर आपला मकर आधीच बसलेला! बिहारमध्ये बराबर टेकडीवर लोमश ऋषी गुहा आहे, मौर्यांच्या काळातली, तिच्या दारावरच्या कमानीत हत्तींची ओळ आहे आणि दोन्ही टोकांना मकर. मग आपल्या लोकांनी पाहुण्याला नाव आपलं दिलं आणि चित्र ज्याला जसं जमेल तसं.

हा मकर माझा सगळ्यात लाडका, कारण तो कधी एका जागी थांबलाच नाही. सुरुवातीला बराचसा मगर, मग हत्तीची सोंड आली, मग शेपटीचा मासा, मग त्या शेपटीतून अशी वेलबुट्टी फुटायला लागली की शेपूट कुठे संपतं आणि पानं कुठे सुरू होतात ते कळत नाही. मूर्तीवाले भाऊ, ही घ्या तुमची चौथी वस्तू, वेलबुट्टी. केस दागिना कपडा काही नको, सांधा पानात बुडवायचा! अजिंठ्याच्या दारांच्या वरच्या कोपऱ्यात मकरावर उभ्या बाया आहेत, त्यांच्या पायाखाली बघा. पुढे जावामध्ये बोरोबुदूरच्या दारांवर कमानीच्या माथ्याला कीर्तिमुख आणि खाली दोन्ही बाजूंना मकर, म्हणजे आपल्या देवळाचा अख्खा दरवाजा समुद्र ओलांडून गेला. तिथे कीर्तिमुखाला काल म्हणतात. कीर्तिमुखाची गोष्ट माहितीय ना सगळ्यांना? राहूला खायला शंकराने भुकेला राक्षस काढला, राहू शरण आला, मग तो म्हणे आता मी काय खाऊ, शंकर म्हणाले स्वतःलाच खा, तर याने पाय हात पोट सगळं खाल्लं आणि नुसतं तोंड उरलं. खूश होऊन शंकरांनी दारावर बसवला. बाकीचे प्राणी जोडून जोडून बनले आणि हा एकटाच कमी करून करून बनला. खालचा जबडासुद्धा बऱ्याच ठिकाणी नसतो त्याला.

मूर्तीवाला_भुसावळ

ताई चौथी वस्तू मान्य!! उद्याच त्या मंडळाच्या गरुडाला वेलबुट्टीत बुडवतो, पायाचं लोखंड पण लपेल.

खरं_बोलू_का

शरभ आणि गंडभेरुंड कोणी काढलंच नाही. रायगडावर शरभ आहे, पायात हत्ती धरलेले, शेपटीत पण. वाघासारखा प्राणी मांजराच्या पिल्लासारखे हत्ती पकडतो, हे बघून शत्रूच्या पोटात गोळा यायलाच पाहिजे. आणि दोन डोक्यांचा गंडभेरुंड तर कर्नाटक सरकारच्या चिन्हात आहे, हा तरी आपलाच ना?

गिरणाकाठची

भाऊ तुम्हाला मी आज रडवणार बहुतेक. कर्नाटकात बळ्ळिगावीला १०४७ सालचा त्याचा खांब आहे, सुंदर आहे, माणसाचं अंग आणि पक्ष्याची दोन डोकी. पण दोन डोक्यांचा गरुड तक्षशिलेजवळ सिरकपच्या स्तूपावर त्याच्या जवळपास हजार वर्षं आधी आहे आणि तुर्कस्तानात हित्ती नावाच्या जुन्या लोकांच्या अलाजा ह्योयुकला त्याहून हजाराच्या वर वर्षं आधी. पुढे तो बायझंटाइन राजांकडे, रशियाकडे, अल्बानियाच्या झेंड्यावर. हत्ती पायात धरायची आयडिया मात्र आपली, तिकडे ससे धरतात.

खरं_बोलू_का

ससे 😂 बरं चालेल, हत्ती आपले.

केळीबाग_रावेर

मंडळी, काल रात्री सगळं पोरीला वाचून दाखवलं, तिने पाच पायांचा बैल वहीवर काढला आणि सहावा पाय पण काढून ठेवलाय, म्हणे मागून येणाऱ्यासाठी.

पण खरं सांगायचं ते वेगळंच. तापीपूर्णा ताईंचं मकराचं वाचत होतो तेव्हा आमची आई, म्हणजे पोरीची आजी, शेजारीच बसलेली, वाती वळत होती. तिच्या हातात तोडे आहेत, तिच्या सासूचे, सोन्याचे नाहीत, चांदीचे, पार झिजलेले. त्यांची दोन्ही टोकं समोरासमोर येतात तिथे दोन तोंडं आहेत. आम्ही लहानपणापासून त्याला वाघतोंडी तोडे म्हणत आलो. पोरीने आजीचा हात धरला, मोबाईलची बॅटरी लावली आणि म्हणे पप्पा याला सोंड आहे. मी बघितलं तर खरंच, वरचा ओठ सोंडेसारखा वर वळलेला, तोंड उघडं, दात, आणि मानेच्या मागे खवले, आणि खवल्यांच्या मागे बारीक पानं कोरलेली, मग नुसता गोल.

मी आईला विचारलं हे कोण आहे गं, वाघ ना? ती वातीवरून नजर न काढता म्हणे, "वाघ कसाना, मगर शे ती. पानी लई येस. मन्ही सासूनी सांगेल व्हतं, हातमा मगर ऱ्हायनी का विहीर आटत नही."

विहीर चार वर्षांपूर्वी आटलीय आमची, बोअर आहे आता साडेतीनशे फूट. ते मी काही बोललो नाही.

तोड्यांचा फोटो टाकतोय खाली. मूर्तीवाले भाऊ, सांधा बघा जरा, पानांतच बुडवलाय ना?

मूर्तीवाला_भुसावळ

पानांतच. आणि हातावर चढवताना टोकं फाकवायची तर जोर पानांवर येतो, तोंडावर नाही, म्हणून तोंडं एवढी वर्षं टिकली. ज्याने केले तो सोनार पक्का होता. पॉलिश करायला देऊ नका कोणाला, खवले जातील.